उघडता येणारी पेटी

ओहायो, इंडियाना, इलिनॉय या अमेरिकी राज्यांत जुन्या शेतघरांचे लिलाव होतात. तिथे गोठ्याच्या भिंतीला टेकलेला एक छोटा पिवळा ट्रॅक्टर बऱ्याचदा दिसतो. बॉनेटचा रंग उन्हाने उडालेला, सीट फाटलेली, टायरना चिरा गेलेल्या. अशा ट्रॅक्टरशी माझा संबंध गॅरेजमधला आहे. नोकरीतून उरलेला वेळ मी त्याच्या मागच्या बिडाच्या पेटीला, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला देत आलो आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनाशी पक्की झाली. साठ वर्षांचं हे यंत्र घरच्या हत्यारांनी पुन्हा उभं राहतं, यात दुरुस्ती करणाऱ्याच्या हुशारीचा वाटा थोडा आहे. मोठा वाटा ते घडवणाऱ्यांचा आहे. ही पेटी पुढे कधीतरी कुणीतरी उघडणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

शेतातून अंगणात

इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी १९०२ साली मॅकॉर्मिक आणि डीअरिंग या कापणीयंत्रांच्या कारखान्यांसह काही कंपन्या एकत्र येऊन स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, तिने केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात विमानांचा एक कारखाना विकत घेतला आणि तिथे ‘फार्मऑल कब’ हा लहान शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बनवायला घेतला. १९४७ पासून तो बाजारात आला. पुढच्या दशकात शहरांभोवती उपनगरं पसरली आणि घरामागे एकर-अर्धा एकर जमीन असलेली लाखो कुटुंबं तयार झाली. त्यांना गवत कापायचं होतं, बर्फ सारायचा होता, भाजीच्या वाफ्यासाठी नांगरट करायची होती. शेतीचा ट्रॅक्टर त्यांना मोठा पडे आणि गवत कापायचं यंत्र अपुरं.

१९६१ साली कंपनीने त्यांच्यासाठी ‘कब कॅडेट’ आणला. गोठ्याच्या भिंतीला टेकलेला तो छोटा पिवळा ट्रॅक्टर हाच. कोहलर कंपनीचं एक सिलिंडरचं सात हॉर्सपॉवरचं इंजिन, तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स. या पहिल्या मॉडेलचे साठ हजारांहून जास्त ट्रॅक्टर विकले गेले. पहिल्या मॉडेलमध्ये इंजिनाची ताकद पट्ट्यावरून मागे जात असे. १९६३ च्या मॉडेलांत तो पट्टाही गेला आणि इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ शाफ्ट आला. साउथ बेंडची ‘व्हील हॉर्स’ कंपनी या बाजारात आधीपासून होती, आणि १९६३ मध्ये जॉन डीअरही ‘११०’ हे मॉडेल घेऊन उतरली.

कब कॅडेटचं वेगळेपण त्याच्या मागच्या पेटीत होतं. कारखान्याने अंगणाच्या कामासाठी हलकी, स्वस्त पेटी नव्याने आखली नाही. ज्या फार्मऑल कबने शेतं नांगरली होती, त्याच्याच गिअरबॉक्सच्या धर्तीवर ही पेटी बनवली. जाड बीड, रुंद दातांचे गिअर आणि टेपर्ड रोलर बेअरिंग. सात हॉर्सपॉवरला हे जरुरीपेक्षा खूप जास्त होतं, आणि म्हणूनच इंजिन दोनदा बदललं तरी मूळ पेटी चालू आहे, असे ट्रॅक्टर आजही भेटतात.

१९६३ हे साल मराठी वाचकालाही जवळचं आहे. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरने महिंद्र आणि व्होल्टासच्या भागीदारीत ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ सुरू केली. मुंबईत कांदिवलीला तिचा ‘बी-२७५’ बनू लागला. त्याचं मूळ डिझाइन कंपनीच्या ब्रिटिश शाखेचं. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. ज्यांच्या घरी बी-२७५ होता, त्यांना पुढचं वर्णन परकं वाटणार नाही.

पेटीच्या आत

इंजिनाकडून आलेला शाफ्ट पेटीत शिरतो. त्याला समांतर दुसरा शाफ्ट असतो. वरचा दांडा हलवला की आतला फोर्क एक गिअर शाफ्टवरून सरकवतो आणि त्याचे दात दुसऱ्या गिअरच्या दातांत बसतात. याला स्लायडिंग गिअर म्हणतात. मोटारीत असतो तसा सिंक्रोमेश इथे नाही, त्यामुळे गिअर बदलताना ट्रॅक्टर पूर्ण थांबवावा लागतो. शाफ्टच्या मागच्या टोकाला पिनियन असतं. ते मोठ्या क्राउन गिअरला फिरवतं आणि गतीची दिशा काटकोनात वळवतं. क्राउनच्या पोटात डिफरन्शियलचे लहान गिअर असतात. वळण घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरावं, हे काम त्यांचं.

पेटी उघडण्याआधीच तिचं बरंचसं दुखणं तेल सांगतं. काढलेलं तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी शिरलं आहे. बहुधा दांड्याच्या फाटलेल्या रबरातून. त्या तेलात चुंबक फिरवल्यावर त्याला लागलेला बारीक काळा लगदा हा इतक्या वर्षांच्या वापराचा असतो, त्याची काळजी नको. बोटांना टोचणारे कण लागले तर मात्र एखादा दात किंवा बेअरिंग तुटत आहे असं समजावं.

उघडताना

या ट्रॅक्टरमध्ये पेटी हाच चॅसिसचा मागचा भाग असतो. त्यामुळे आधी पुढच्या सांगाड्याखाली भक्कम ठोकळे लावावे लागतात आणि मग पेटी सांगाड्यापासून सुटी करावी लागते. ती एकट्याने उचलण्यासारखी नाही. बोल्ट इंची मापाचे आहेत आणि सूतात मोजणाऱ्या आपल्या जुन्या मेस्त्रींना ही मापं तोंडपाठ असतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, म्हणून तो लावू नये. बोल्टचे कोपरे गोल होतात. गंजलेल्या बोल्टवर भिनणारं तेल आदल्या रात्री सोडावं, थोडा शेक द्यावा आणि सोडताना मागे-पुढे असं हलवत काढावं. तुटलेला बोल्ट बिडातून काढण्यापेक्षा हे फार सोपं.

मागचं झाकण काढलं की प्रत्येक ॲक्सलच्या आतल्या टोकाला इंग्रजी ‘सी’ आकाराची क्लिप दिसते. ती निघाली की ॲक्सल बाहेर ओढता येतो. नंतर दोन्ही बाजूंचे बेअरिंगचे पिंजरे येतात आणि त्यांच्याखाली असतात शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या. सगळ्या कामात जपायची वस्तू हीच. डावीकडच्या शिम डाव्या पाकिटात, उजवीकडच्या उजव्या पाकिटात, वर नाव लिहून, आणि निघाल्या त्याच क्रमाने ठेवायच्या. गिअर-फोर्कचा दांडा काढताना त्याला जागेवर धरणारी पोलादी गोळी आणि स्प्रिंग उडते, म्हणून भोकावर कापड दाबून धरावं. प्रत्येक पायरीला फोटो काढावा. स्मरणशक्तीवर भिस्त ठेवण्याइतके हे भाग थोडे नाहीत.

धुणं

बाहेरचा थर म्हणजे तेल, माती आणि गवताचा दगड झालेला लेप. तो आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडावा, मग रॉकेल आणि ब्रशने धुवावा. पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ बंद गॅरेजमध्ये ठिणगीची वाट बघत असते. जुना रंग काढताना आणखी काळजी हवी. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, भारतात घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. साठच्या दशकातल्या यंत्राच्या रंगात शिसं आहे असं धरूनच चालावं. कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. रंग काढायचं रसायन लावावं, ओला असतानाच खरवडावा, योग्य मास्क घालावा आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

पट्ट्या, ब्रॅकेट, झाकणं अशा भागांचा गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस उत्तम. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला. गंज सैल होतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही नसावी, तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून टब मोकळ्या हवेत हवा. गिअर, स्प्रिंग आणि बेअरिंग त्यात घालू नयेत. कडक केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं.

दात, बेअरिंग, सील

स्वच्छ झालेला गिअर खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवावा. सरकणाऱ्या गिअरच्या दातांची टोकं गोल झाली असतील तर कुणीतरी वर्षानुवर्षं ट्रॅक्टर न थांबवता गिअर बदलला आहे. थोडी झीज चालते. पण तुटका दात किंवा मुळाशी गेलेली चीर चालत नाही. दाताच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर तेलात पाणी होतं किंवा तेल कमी होतं. फोर्कची टोकं एका बाजूला झिजली असली की ट्रॅक्टर चढावर आपोआप गिअरमधून निसटतो.

टेपर्ड रोलर बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन यांना १८९८ मध्ये मिळालं. एकाच वेळी बाजूचा आणि अक्षाच्या दिशेचा असे दोन्ही भार पेलण्याची ताकद त्याच्यात आहे. पिनियन आणि क्राउन एकमेकांना ढकलत असतात, म्हणून डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना त्याची जागा. बेअरिंगची मापं जगभर ठरलेल्या क्रमांकांत बांधलेली आहेत. उदाहरण साध्या बॉल बेअरिंगचं. ६२०५ या क्रमांकातल्या शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. रोलर बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांवर स्वतंत्र क्रमांक कोरलेले असतात. ट्रॅक्टरची कंपनी राहो न राहो, तो क्रमांक वाचून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा ओहायोच्या गावातल्या दुकानात बेअरिंग मागता येतं. ऑइल सीलचंही तसंच. शाफ्टचा व्यास, भोकाचा व्यास आणि जाडी ही तीन मापं पुरतात. सील बसवताना तिचा स्प्रिंगचा ओठ तेलाकडे हवा, ओठाला ग्रीस हवं आणि ठोकायला त्याच व्यासाचा पाइपचा तुकडा हवा. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडला असेल तर नवी सीलही गळते. तिथे शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवतात.

शिमचं गणित

जुळवणीत खरी कसोटी क्राउन आणि पिनियनची. दोघांच्या दातांमध्ये इंचाच्या काही हजारांश भागांइतका ‘प्ले’ लागतो. तो कमी झाला तर दात तापतात आणि घासतात, जास्त झाला तर दर झटक्याला आपटतात. प्ले मोजायला चुंबकी स्टँडवरचा डायल इंडिकेटर लागतो. त्याची सुई क्राउनच्या दाताला टेकवून, पिनियन धरून क्राउन पुढे-मागे हलवायचा. प्ले जास्त निघाला तर एका बाजूच्या पिंजऱ्याखालची शिम काढून दुसऱ्या बाजूला घालायची. एकूण जाडी तीच राहिली तर बेअरिंगवरचा दाब बदलत नाही, फक्त क्राउन पिनियनकडे सरकतो. दाब बदलायचा असेल तर एकूण जाडी बदलायची. ही दोन सूत्रं लक्षात आली की त्या कागदी पातळ चकत्यांमागचा विचार उलगडतो. कारखान्यातल्या प्रत्येक बिडाच्या पेटीत थोडा फरक राहणारच, हे मान्य करून तो फरक हाताने भरून काढायची सोय त्यांनी ठेवली होती.

शेवटी दातांना निळा मार्किंग पेस्ट लावून क्राउन फिरवावा. दातावर उमटलेला ठसा मधोमध आला तर जुळवणी बरोबर. टोकाकडे सरकला तर पुन्हा शिम. घाई करण्याची ही जागा नव्हे. पॅकिंगही मूळ जाडीचंच कापावं, कारण त्याची जाडीसुद्धा या गणितात मोजलेली असते. सगळं बसलं की तेल भरण्याआधी प्रत्येक गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवून बघावा. इंटरनॅशनलने स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी ‘हाय-ट्रॅन’ नावाचं तेल बनवलं होतं आणि त्याच नावाचं तेल आजही मिळतं. पहिलं तेल थोडं चालवून काढून टाकावं. कितीही धुतलं तरी कोपऱ्यातली घाण त्याच्याबरोबर बाहेर येते.

रंग

रंग शेवटी येतो. चकचकीत रंगाखाली गळकी सील असेल तर सगळी मेहनत फुकट. पेटी पूर्ण बंद करून, सगळी भोकं झाकूनच रंगवायला घ्यावी. बीड सच्छिद्र असतं. वरून कोरडं दिसलं तरी भिनलेलं तेल उष्णतेने पुन्हा पृष्ठभागावर येतं. म्हणून पेटी उन्हात किंवा हीटगनने तापवावी, सॉल्व्हंटने पुसावी, आणि पांढऱ्या फडक्यावर डाग येईनासा होईपर्यंत हे करत राहावं. मग इपॉक्सी प्रायमर, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत त्यावर एनॅमलचे पातळ हात. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात जास्त टिकतात. हवा दमट असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावं. हार्डनर मिसळलेल्या रंगांत आयसोसायनेट असतं, आणि त्याचा फवारा साध्या मास्कने अडत नाही. घरी काम करणाऱ्याने हार्डनरशिवायचं एनॅमल ब्रशने मारलं तरी बिडावर ते शोभून दिसतं.

टेपने काय झाकायचं हेही महत्त्वाचं. सीलचा ओठ, ॲक्सलचा गुळगुळीत भाग, दुसऱ्या भागावर टेकणारे मशिनिंग केलेले पृष्ठभाग, बोल्टचे आटे आणि पेटीला श्वास घेऊ देणारं छोटं छिद्र. ते छिद्र रंगाने बुजलं तर तापलेली हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते. बिडावर ओतीव उठलेले क्रमांक मात्र झाकू नयेत आणि लांबीने भरूही नयेत. पुढच्या माणसाला भाग शोधताना तेच उपयोगी पडतील.

उघडण्याचा हक्क

कब कॅडेट हा व्यवसाय १९८१ मध्ये एमटीडी कंपनीकडे गेला, आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा विभाग काही वर्षांतच विकला गेला. तरीही हा ट्रॅक्टर दुरुस्त होतो, कारण त्याचं ज्ञान कंपनीच्या कुलपात बंद नव्हतं. ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, बेअरिंगच्या क्रमांकात आणि शिमच्या पाकिटात होतं. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये सुटा भाग बसवल्यावरही कंपनीचं सॉफ्टवेअर त्याला मान्यता देईपर्यंत यंत्र चालत नाही, अशी तक्रार अमेरिकेतले शेतकरी कित्येक वर्षं करत आले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. भारत सरकारने २०२२ च्या जुलैमध्ये याच हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत शेतीची यंत्रं होती.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. नाशिकच्या द्राक्षबागांतून लहान ट्रॅक्टर फिरतात, कोकणातल्या भातखाचरांत पॉवर टिलर चालतात, आणि त्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गॅरेजात होते. तिथल्या मेस्त्रीला पाना लावायला जागा हवी, माप वाचता यायला हवं आणि सुटा भाग मिळायला हवा. यंत्राचं आयुष्य या तीन गोष्टींवर ठरतं. म्हणून नवं यंत्र घेताना हॉर्सपॉवर आणि किमतीबरोबर विक्रेत्याला एवढंही विचारावं: याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का, आतले बेअरिंग ठरलेल्या क्रमांकाचे आहेत का, आणि दहा वर्षांनी आमच्या गावचा मेस्त्री ही पेटी उघडू शकेल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर ते यंत्र घ्यावं, आणि पुढे त्याची पेटी एकदा तरी स्वतःच्या हातांनी उघडून बघावी.