नक्कल मागें पडते तेव्हां

दुकानाची रोजकीर्द व खतावणी या दोन वह्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना सर्व्हरचें एक दुखणें समजावयास वेळ लागणार नाहीं. दिवसाचा प्रत्येक व्यवहार प्रथम कीर्दींत लिहिला जातो. मागाहून तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत चढतो. खतावणी लिहिणारा दोन दिवस आला नाहीं, तर गिऱ्हाइकानें पैसे भरलेले असूनही त्याच्या नांवावर बाकी दिसते. वही खोटें बोलत नसते. ती परवांचें खरें आज सांगत असते.

सर्व्हरची रचना याच धर्तीची असते. मागणी फार वाढली कीं एकाच यंत्रास सर्वांना उत्तरें देणें जमत नाहीं. म्हणून नवी नोंद एका मूळ डेटाबेसांत होते आणि तिच्या नकला इतर यंत्रांवर सतत उतरविल्या जातात; वाचणाऱ्यांना बहुधा या नकलाच दाखविल्या जातात. याशिवाय वारंवार लागणारीं पानें हाताशीं असावींत म्हणून मधल्या यंत्रांत, तसेंच वाचकाच्या ब्राउझरांतही, तात्पुरती सांठवण असते. तिला कॅशे म्हणतात. यांपैकीं एक जरी प्रत थबकली, तरी पडद्यावर जुनाच मजकूर दिसूं लागतो. सर्व्हर बंद पडत नाहीं, चुकीची सूचना येत नाहीं. म्हणूनच हा बिघाड अधिक फसवा होय.

अशा वेळीं यंत्र पुन्हां चालू करावें व सांठवण पुसून टाकावी, ही पहिली ऊर्मि असते. तिनें कधीं कधीं काम भागतेंही. पण दोष कोठें होता याचा पुरावाही त्याबरोबर पुसला जातो. शहाणा तंत्रज्ञ उगमापासून आरंभ करतो. मूळ डेटाबेसांत नवी नोंद नसेल, तर दोष लिहिण्यांत आहे, दाखविण्यांत नव्हे. ती असेल, तर नकलेची पाळी. मायएस्क्यूएलसारख्या डेटाबेसास, नक्कल किती सेकंद मागें आहे, हें विचारतां येतें. येथें एक मेख आहे : नकलेचें काम साफ थांबलें असेल, तर उत्तर मोठ्या आंकड्याचें न येतां रिकामें येतें, आणि घाईंत त्या रिकाम्या जागेचा अर्थ शून्य असा घेतला जातो. नक्कलही ताजी असेल, तर कॅशेकडे वळावें. तेथील उत्तरासोबत त्याचें वय सेकंदांत लिहिलेलें असूं शकतें. 86400 हा आंकडा दिसला, तर तें उत्तर एका दिवसाचें शिळें समजावें.

या कामीं धीर किती मोलाचा असतो, हें 2018 सालीं दिसून आलें. जगभरचे प्रोग्रामर आपलें काम जेथें ठेवतात, त्या गिटहबच्या अमेरिकेंतील पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा सेंटरचा संपर्क 21 ऑक्टोबर रोजीं एक उपकरण बदलतांना अवघे 43 सेकंद तुटला. भारतांत तेव्हां 22 तारखेची, सोमवारची पहाट होती. स्वयंचलित व्यवस्थेनें पश्चिम किनाऱ्यावरील नकलेला मूळ प्रतीचा मान दिला. परंतु पूर्वेकडील शेवटच्या कांहीं सेकंदांच्या नोंदी पश्चिमेस पोहोंचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे तर नव्या नोंदी पडूं लागल्या होत्या. प्रत्येक वहींत असें कांहीं होतें, जें दुसरींत नव्हतें.

कंपनीपुढें दोन वाटा होत्या : कोणती तरी एक वही खरी मानून काम लवकर सुरळीत करावें, किंवा लोकांना कांहीं काळ जुनें दिसलें तरी नोंदी जपाव्यात. तिनें दुसरी वाट धरली. राखीव प्रतींवरून डेटाबेस पुन्हां उभारण्यांत तासांमागून तास गेले. तोंवर मागें पडलेल्या नकलांमुळें जुना व विसंगत मजकूर दिसत राहिला. 43 सेकंदांची ती तूट निस्तरण्यास 24 तास 11 मिनिटें लागलीं. सर्वांत गजबजलेल्या एका डेटाबेस-समूहांत अशा अडकलेल्या नोंदी 954 होत्या. त्यांचा मेळ घालण्याचें काम पुढेंही चालू राहिलें.

खतावणी कीर्दीवरून केव्हांही पुन्हां लिहितां येते. कीर्दीचें पान फाटलें, तर मात्र तो व्यवहार कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून पडद्यावर कालचें दिसत असतां आधीं कीर्द उघडून पाहावी, आणि ती शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत कोणत्याही वहीस हात लावूं नये.