गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे नऊ महिने

सातारा जिल्ह्याचा माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश. सातारा-पंढरपूर मार्गावरील म्हसवड हे त्यातील बाजारपेठेचे आणि सिद्धनाथाच्या रथोत्सवाचे गाव. अवर्षणाशी झुंजणाऱ्या या मुलखाने नामवंत खेळाडूही दिले आहेत. तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. शाळेच्या मैदानावर वा तालमीत घाम गाळणाऱ्या मुलामुलींच्या वाटेतील एक मोठे संकट म्हणजे गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे, अर्थात लिगामेंटची दुखापत.

या दुखापतीची किंमत सातारा जिल्ह्यास ठाऊक आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांना गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे १९५६ च्या स्पर्धेस मुकावे लागले. आज परिस्थिती पालटली आहे. कुस्तीगीर विनेश फोगट यांच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी त्या पात्र ठरल्या. मात्र त्यांच्या पुनरागमनाचा वेग गावातील खेळाडूने मापदंड मानू नये; त्यामागे तज्ज्ञांची नित्य देखरेख असते.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारा पुढील अस्थिबंध एकदा पूर्ण तुटला की सहसा आपोआप सांधत नाही. म्हणून शल्यचिकित्सक रुग्णाच्याच मांडीच्या मागील बाजूची वा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेऊन तेथे नवा बंध बसवितात. हा बंध पहिल्या दिवसापासून पक्का नसतो. शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते, जुने तंतू बदलते. या घडामोडीत साधारणतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बंध सर्वांत दुबळा असतो. नेमकी याच सुमारास सूज ओसरलेली असते, वेदना थांबलेल्या असतात आणि रुग्णास आपण बरे झालो असे वाटू लागते. खरा धोका येथेच आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत सूज उतरविणे, पाय पूर्ण सरळ होणे आणि मांडीचे स्नायू जागे करणे ही उद्दिष्टे असतात. झोपताना अनेकजण आरामासाठी गुडघ्याखाली उशी घेतात. हे टाळावे, त्यामुळे पाय कायमचा किंचित वाकलेला राहू शकतो. घडी घातलेली चादर टाचेखाली ठेवावी. सहा आठवड्यांपर्यंत कुबडीविना, न लंगडता चालता यावे. त्यानंतर ताकद वाढविण्याचे व्यायाम येतात. सपाट जागेवर हलके धावणे तीन-चार महिन्यांनंतर आणि तेही तज्ज्ञांच्या अनुमतीनेच. उड्या, गिरक्या व झटापटी त्याच्याही पुढे. गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवली असल्यास बंधने अधिक कडक असतात.

ग्रामीण घरात काही अडचणी वेगळ्या असतात. उकिडवे बसणे व मांडी घालणे आरंभीचे काही महिने टाळावे लागते. शौचासाठी खुर्चीची सोय करावी. ट्रॅक्टरचा क्लच दाबणे, मोटारसायकलला किक मारणे हेही डॉक्टरांना विचारूनच. मालीश करून घेणे वा गुडघा ओढून घेणे सर्वथा वर्ज्य. पोटरी सुजून दुखू लागल्यास, ताप आल्यास, जखमेतून पू वाहिल्यास किंवा धाप लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

व्यायामोपचारासाठी म्हसवडहून सातारा वा कराड येथे रोज जाणे बहुतेकांना शक्य नसते. अशा वेळी तज्ज्ञांकडून व्यायाम मराठीत लिहून घ्यावेत, ते प्रत्यक्ष करून दाखवावेत आणि ठराविक अंतराने तपासणी करून घ्यावी. रोजचा व्यायाम घरातील एखाद्या व्यक्तीने वहीत नोंदवावा.

मैदानावर परतण्याचा निर्णय केवळ दिनदर्शिका पाहून घ्यावयाचा नसतो. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबविले, तितके पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्यास सुमारे निम्म्याने घटले.

यादृष्टीने शिक्षकांची व पंचायत सदस्यांची जबाबदारी मोठी आहे. तालुका स्पर्धा तोंडावर आली म्हणून सहाव्या महिन्यात खेळाडूस मैदानात उतरविणे हा त्याचा सन्मान नव्हे. उडीनंतर गुडघे वाकवून जमिनीवर उतरणे आणि मांडीच्या स्नायूंना बळकटी देणे शाळेतच शिकविल्यास अनेक दुखापती मुळातच टळतील. जे शस्त्रक्रिया करून परतले आहेत त्यांना मात्र एका हंगामाची सूट द्यावी. त्यापुढील अनेक हंगाम त्यावर अवलंबून असतात.