शिपाई : एक शब्द, अनेक गणवेश

‘शिपाई’ हा शब्द फारसी ‘सिपाही’वरून आला, ‘सिपाह’ म्हणजे सैन्य. उस्मानी साम्राज्यात सिपाही हा जमिनीच्या मोबदल्यात लढणारा घोडेस्वार होता. फ्रेंचांच्या उत्तर आफ्रिकेतील ‘स्पाही’ हेही घोडदळच. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मात्र ‘सेपॉय’ म्हणजे हिंदी पायदळी सैनिक. घोड्यावरचा तो ‘सवार’. हा फरक जुनी कागदपत्रे वाचताना ध्यानात ठेवावाच लागतो. पोर्तुगीजांच्या अंगोला-मोझांबिकमध्ये ‘सिपायो’ हा स्थानिक पोलीस होता. १८५७ च्या उठावाला इंग्रजांनी ‘शिपायांचे बंड’ म्हटले. त्यात सामील झालेले शेतकरी, संस्थानिक या नावाआड झाकले गेले. भारतीय पायदळात ‘सिपाही’ हा हुद्दा आजही आहे. मराठीत पोलीस शिपाई आहेच, शिवाय कचेरीत फायली पोहोचवणाराही शिपाईच.