पी/ई नऊवर आला, म्हणून शेअर स्वस्त झाला का?

शेअरची किंमत भागिले शेअरमागची वर्षाची कमाई, म्हणजे पी/ई. किंमत १०० रुपये आणि कमाई १० रुपये असेल, तर पी/ई १०. आकडा जितका लहान तितका शेअर स्वस्त, असं सर्रास सांगितलं जातं. साबण-बिस्किटाच्या कंपनीला हे गणित बऱ्यापैकी चालतं. माल विकला, पैसे आले, विषय संपला. पण घरकर्ज देणाऱ्या कंपनीचा माल म्हणजे पैसाच, आणि तो पूर्ण परत यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तोवर तिचा नफा बराचसा अंदाजावर उभा असतो.

डीएचएफएल, म्हणजे दिवाण हाउसिंग फायनान्सचं उदाहरण बघा. २०१७-१८ मध्ये कंपनीची कमाई शेअरमागे सुमारे ३७ रुपये होती. १९ सप्टेंबर २०१८ ला शेअर ६१० रुपयांच्या आसपास बंद झाला, म्हणजे पी/ई साधारण साडेसोळा. व्यवहाराच्या पुढच्याच दिवशी, शुक्रवारी, तो एका झटक्यात ४२ टक्के पडून ३५१ वर आला. पी/ई साडेनऊ! कमाईचा आकडा तोच, भाव जवळजवळ निम्मा. अनेकांना हा सेल वाटला.

बाजाराला मात्र त्या ३७ रुपयांवरच भरवसा उरला नव्हता.

अशा कंपन्या स्वतःच्या थोड्या भांडवलावर खूप मोठं कर्ज उचलून पुढे वाटतात. समजा १,००० कोटी वाटले, त्यात स्वतःचे १०० कोटी, आणि वर्षाचा नफा १५ कोटी. वाटलेल्या कर्जातले फक्त दोन टक्के बुडाले, तर २० कोटी गेले. वर्षभराचा नफा साफ, वर ५ कोटींचा खड्डा. आणि हा खड्डा लगेच दिसत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. बिल्डरला दिलेल्या कर्जात तर सुरुवातीला हप्त्याला सवलत असते, तरी त्यावरचं व्याज उत्पन्न म्हणून जमा होत राहतं. म्हणजे पी/ई मधला नफ्याचा आकडा वास्तवाच्या मागून चालतो.

दुसरी गोम उधारीची. कर्ज वीस वर्षांचं द्यायचं आणि त्यासाठी पैसा वर्ष-दोन वर्षांचा उचलायचा. आयएल अँड एफएसने पैसे थकवल्यावर सगळ्याच फायनान्स कंपन्यांना नवा पैसा मिळणं अवघड झालं. डीएचएफएलला मार्च २०१९ च्या एका तिमाहीत २,२०० कोटींहून जास्त तोटा झाला. कमाईच उणे झाल्यावर पी/ई काढणार कसला? नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं. २०२१ मध्ये कंपनी पिरामलकडे गेली. शेअरधारकांच्या हाती शून्य. मोठ्या ठेवीदारांनाही पूर्ण पैसे मिळाले नाहीत.

म्हणून अशा कंपनीत भाव आणि पुस्तकी मूल्य यांचं प्रमाण आधी बघतात. एनपीए किती, त्यापोटी तरतूद किती, बिल्डरांना किती दिलंय, येत्या वर्षभरात किती उधारी फेडायची आहे, हे सगळं वार्षिक अहवालात असतं. वाचायला कंटाळवाणं आहे खरं. एखाद्या वर्षी हिस्सा विकून एकरकमी नफा आला असेल, तर तोही बाजूला काढावा लागतो. नाहीतर पी/ई उगाच लहान दिसतो.