पुढे युनिकॉर्न, मागे हिमालयन

रविवारी पहाटे साडेपाचला पनवेलच्या वडाळे तलावाच्या बाजूने आम्ही निघतो तेव्हा आधी युनिकॉर्न सुरू होते. नवऱ्याची कार्ब्युरेटरची जुनी बाइक. थंडीत चोक ओढून मिनिटभर तिला गरम होऊ द्यावं लागतं. नवरा तोवर मागच्या चाकाशी उकिडवा बसून चेनवर बॅटरीचा झोत फिरवतो. माझी हिमालयन बटण दाबलं की लगेच धरते, तरी मी बटण दाबत नाही. युनिकॉर्नचा आवाज खाली येऊन एकसारखा झाला की मगच मी माझी गाडी सुरू करते. हा क्रम आम्ही ठरवलेला आहे आणि त्यामागे एक वाईट सकाळ आहे.

युनिकॉर्न आमच्या लग्नाच्या वर्षी, २००९ साली घेतलेली. दीडशे सीसी, पाच गिअर, अश्वशक्ती तेराच्या आसपास. नवरा तळोजा एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सचं काम करतो आणि या गाडीचा एकेक नट त्याने स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा बसवला आहे. माझ्याकडे बरीच वर्षं बजाज ॲव्हेंजर २२० होती. सीटची उंची ७३७ मिलिमीटर, दोन्ही पाय पूर्ण टेकायचे. त्या दोन गाड्यांचा वेग कागदावर जुळत नसला तरी रस्त्यावर जुळायचा. साठ-पासष्टला दोघंही आरामात असायचो. कोण पुढे, कोण मागे, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

२०२४ साली मी हिमालयन ४५० घेतली. मला लांब जायचं होतं. सलग दहा दिवस, सामान घेऊन, रोज नवा जिल्हा. पुण्यात २०११ साली ‘बायकर्नी’ हा बाइक चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू झाला, तेव्हापासून ही इच्छा मनात होती. मध्ये मुलगी झाली, बी.एड. झालं, नवीन पनवेलच्या शाळेत गणित शिकवायला लागले, आणि इच्छा तशीच राहिली. ‘‘तूही घे ना,’’ असं मी त्याला म्हटलं होतं. तो म्हणाला, ‘‘मला ही पुरते.’’ या वाक्यात रुसवा नव्हता. खरंच त्याला ती पुरते.

टूरिंग बाइक म्हणजे नुसती मोठी बाइक नव्हे, हे मला ती घरी आल्यावर कळलं. ४५२ सीसी, ४० पीएस, सहा गिअर, १९६ किलो. पुढचं चाक २१ इंची, हँडल छातीसमोर येतं. माझी उंची पाच फूट तीन इंच. कमी उंचीची सीट बसवून घेतली तरी ती ८०५ मिलिमीटरला असते. सिग्नलला एकच पाय टेकवायचा, दुसरा ब्रेकवर ठेवायचा, हे पहिलं शिक्षण. दुसरं शिक्षण पार्किंगमध्ये झालं. तिथे गाडी हातातून गेली आणि उजव्या अंगावर झोपली. नवरा शेजारी उभा होता. त्याने हात लावला नाही, फक्त म्हणाला, ‘‘आधी स्टँड काढ.’’ उजवीकडे पडलेल्या गाडीचा साइड स्टँड आडवी असतानाच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे कोसळत नाही. मग गाडी गिअरमध्ये टाकायची, तिच्याकडे पाठ करून कंबर सीटला लावायची, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पाठीने न उचलता पायांनी मागे मागे ढकलत जायचं. तिसऱ्या खेपेला उठली. त्याने तेव्हा मदत केली असती तर आज घाटात एकटी असताना मला तो भरवसा वाटला नसता.

आता त्या सकाळबद्दल.

पनवेलहून निघणाऱ्या दुचाकीवाल्याला जुन्याच रस्त्यांनी जावं लागतं. एक्स्प्रेस वे कळंबोलीला सुरू होतो, त्यावर आम्हाला मनाई. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये झाला, त्याचं एक टोक आमच्या तालुक्याच्या अंगाला आहे, पण त्यावरही मनाई. उरतो पळस्पे फाटा. तिथून एक रस्ता खोपोलीमार्गे जुना घाट चढून पुण्याला जातो आणि एक गोव्याला. दोन्हींवर न्हावाशेवा बंदराचे कंटेनर, एसटी, वाळूचे डंपर, रविवारी अलिबागच्या मोटारी. म्हणजे ४० पीएसची गाडी जिथे मोकळी सुटेल असा सलग सरळ रस्ता आमच्या दारात असूनही आमच्यासाठी नाही. जी ताकद आहे ती ओव्हरटेकमध्येच वापरली जाते, आणि तिथेच घोटाळा झाला.

नवी गाडी घेऊन दीड महिना झाला होता. मी पुढे, तो मागे. वडखळ सोडलं. डोलवीच्या कारखान्याकडचे ट्रेलर रस्त्यावर होते. एकेक ट्रेलर मागे टाकत मी चालले होते आणि ते करताना जे सुख वाटत होतं ते मी नाकारणार नाही. मनगट जरा वळवलं की गाडी पुढे झेपावते. गडबच्या पुढे कधीतरी आरशात पाहिलं, तर मागे नुसता रस्ता. वाटलं, येईल. कासू गेलं. तरी आरसा रिकामाच. नागोठण्याला थांबले, हेल्मेट काढलं, तर मोबाइलवर त्याचे सात मिसकॉल. वाऱ्याच्या आवाजात एकही ऐकू आला नव्हता.

त्याचं मागचं चाक पंक्चर होतं. टायर ट्यूबलेस, म्हणजे रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांचं काम. भोक रीमरने साफ करायचं, रबरी दोरी सोल्यूशन लावून आत ढकलायची, वरचं टोक कापायचं, हवा भरायची. हे तो डोळे मिटून करतो. पण दोरी, रीमर, पंप, सगळं माझ्या गाडीच्या लोखंडी पेटीत होतं. नवीन पेट्या लागल्या तेव्हा मीच हौसेने सगळं सामान माझ्याकडे घेतलं होतं. त्याचा रेनकोट, पाण्याची बाटली, पाने-पकडीसुद्धा. ‘‘तुझ्या गाडीवर ओझं कशाला?’’ मी म्हटलं होतं. मी माघारी गेले तेव्हा तो गाडी ढकलत एका टपरीपर्यंत आला होता. काहीच बोलला नाही. किट काढून दिलं, त्याने काम केलं, आम्ही तिथूनच परत फिरलो.

घरी आल्यावर संध्याकाळी त्याने सांगितलं ते पंक्चरचं नव्हतंच. ‘‘तू ट्रेलर काढतेस, मी तुझ्यामागे बाहेर येतो, आणि समोरून गाडी येते. तीनदा मला परत आत घुसावं लागलं आज.’’ हे ऐकून माझे हात गार पडले. मी वही काढली. ट्रेलर ताशी ५० ने चाललाय असं धरू. त्याच्या मागून सुरू करून पुढे सुरक्षित येईपर्यंत त्याच्यापेक्षा पन्नासेक मीटर जास्त जावं लागतं. मी ८० चा वेग पकडला तर मला ६ सेकंद आणि रस्त्याचे सुमारे १३३ मीटर लागतात. तो जेमतेम ६५ ला पोचतो. त्याला १२ सेकंद आणि सुमारे २१७ मीटर. माझ्यासाठी जी मोकळी जागा होती ती त्याच्यासाठी जागाच नव्हती. आणि मी पुढे गेले म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं त्याला वाटत होतं, कारण पंधरा वर्षं ते तसंच होतं. आठवीच्या मुलांना वेग, वेळ, अंतर शिकवते मी. हे गणित दीड महिना माझ्या मागे चालत आलं आणि मी ते मांडलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या वहीत त्या रात्री जे लिहिलं त्यावर आम्ही आज चालवतो. युनिकॉर्न पुढे राहील. वेग युनिकॉर्न ठरवेल. ओव्हरटेकचा निर्णय ज्याचा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी घ्यायचा, पुढचा गेला म्हणून मागच्याने जायचं नाही. पुढे निघून गेलेल्याने ५५ वर येऊन मागच्याची वाट पाहायची. प्रत्येकाचं पंक्चरचं सामान प्रत्येकाच्या गाडीवर. तसंही दोघांचं सामान वेगळं आहे. माझ्या तारांच्या चाकांना ट्यूब लागते, पुढची वेगळी, मागची वेगळी. त्याची दोरी आता युनिकॉर्नच्या साइड पॅनलच्या आत एका जुन्या डब्यात असते.

मागे राहून चालवणं हे वेगळं कसब आहे आणि त्यात मी अजून मुरते आहे. हिमालयन साठच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये कुरकुरते, आचके देते. म्हणून चौथा किंवा पाचवा धरायचा आणि हात स्थिर ठेवायचा. अंतर दोन सेकंदांचं. तो खांबापाशी पोचला की मी ‘एकशे एक, एकशे दोन’ मोजते. साठच्या वेगाला हे ३३ मीटर होतात. सरळ रस्त्यावर तो लेनच्या उजव्या बाजूला, मी डाव्या, म्हणजे दोघांना पुढचं दिसतं आणि अचानक ब्रेक लागला तर मी त्याच्यावर जात नाही. वळणावर मात्र दोघंही एका रेषेत.

या अंतरावरून मी त्याची पाठ वाचायला शिकले. खड्डा दिसला की ब्रेकच्या लाल दिव्याआधी त्याचा डावा खांदा किंचित खाली जातो. कुत्रं आडवं येणार असेल तर मान आधी वळते. टाकीवर दोनदा थाप म्हणजे चहा. पळस्पेला कंटेनर वळत असला की तो वीसेक फूट आधीच थांबतो, कारण चाळीस फुटी ट्रेलरचं तोंड बाहेरून जातं पण मागची चाकं आतल्या कोपऱ्यावरून कापत येतात. तिथे आत घुसलेला स्कूटरवाला ड्रायव्हरला दिसतच नाही. हे मला ठाऊक होतं, पण त्याच्या मागे उभं राहून दर आठवड्याला पाहिल्यावर अंगात उतरलं.

शिरढोण मागे पडतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. मग कर्नाळ्याचा चढ. डिसेंबरात इथे झाडीतली हवा एकदम गार लागते आणि वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका अर्धा धुक्यात असतो. या चढावर माझ्या उजव्या मुठीत अजूनही ओढ येते. युनिकॉर्न चौथ्यावर येते, तिचा आवाज जड होतो, आणि माझ्या खाली अर्ध्याहून जास्त ताकद नुसती बसून असते. आधी मला ते दाबून ठेवल्यासारखं वाटायचं. आता त्या वेळात मी मागचं बघते. माझे आरसे रुंद आहेत, माझा दिवा प्रखर आहे, माझी गाडी मागून येणाऱ्याला ठळक दिसते. मागून बस वेगात आली तर मी आधी लेनमध्ये सरकून जागा धरते आणि ती मला ओलांडेल तेव्हाच त्याला ओलांडते. मोठ्या गाडीचा हा उपयोग कुठल्याही शोरूममध्ये मला कुणी सांगितला नव्हता.

खारपाड्याच्या पुलावर पाताळगंगेतून वाफ उठत असते. तिथे काच पुसायला थांबतो.

हेल्मेटमधला इंटरकॉम नंतर घेतला. पहिल्या दिवशी आम्ही वाकणपर्यंत अखंड बोललो. मुलीचा क्लास, गॅसचा सिलिंडर, सासूबाईंचा गुडघा. घरी आल्यावर लक्षात आलं की पेण कधी गेलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. आता इंटरकॉमवर मोजके शब्द चालतात. ‘खड्डा.’ ‘खडी.’ ‘गुरं.’ ‘मागून ट्रेलर, येऊ दे.’ बाकीचं चहाच्या टपरीवर. त्याच्या श्वासाचा आवाज मात्र कानात असतो, आणि तो एकसारखा असला की मला बरं वाटतं.

वाकण फाट्यावरून डावीकडे पालीचा रस्ता लागतो. बल्लाळेश्वराला बाहेरूनच हात जोडून, सरसगड उजेडात येताना पाहत पुढे खोपोलीकडे. या पट्ट्यात गर्दी कमी असते आणि कडेची गावं जागी होत असतात. गुरं, दुधाच्या किटल्या, शाळेच्या मैदानावर क्रिकेट. इथे साठचा वेगसुद्धा जास्त वाटतो. माझ्या गाडीवर एकटी आले असते तर हा भाग मी ऐंशीने पार केला असता आणि रस्त्याच्या कडेला करवंदाच्या जाळ्या कुठे आहेत ते मला माहीत झालं नसतं. मे महिन्यात आम्ही त्याच जाळ्यांपाशी थांबतो.

खोपोलीला रमाकांतकडे वडापाव, मग पेट्रोल. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. माझी टाकी १७ लिटरची, त्याची १३ ची. पण माझी गाडी लिटरला एकोणतीस देते, त्याची अठ्ठेचाळीस. म्हणजे मी भरल्या टाकीवर पाचशेच्या आत थांबते आणि तो सहाशेच्या पुढे जातो. लांबच्या प्रवासात पंप शोधायची वेळ आधी टूरिंग बाइकवर येते. सुमारे दीडशे किलोमीटरच्या या फेरीत माझ्या गाडीत पाच लिटर बसतं, त्याच्या गाडीत तीन.

एका रविवारी पंपावरच्या मुलाने नळी माझ्या टाकीत घातली आणि नवऱ्याला विचारलं, ‘‘दादा, वजन किती हिचं? झेपते का?’’

‘‘मॅडमना विचार,’’ तो पैसे मोजत म्हणाला, ‘‘गाडी त्यांची आहे.’’

मुलगा माझ्याकडे वळला. मी त्याला सीटची उंची सांगितली, पडली तर कशी उचलायची तेही सांगितलं. बहिणीला दाखवायचंय म्हणून त्याने गाडीचा फोटो काढला. तोवर नवऱ्याने हेल्मेट चढवलं होतं. इंटरकॉममध्ये त्याचा आवाज आला, ‘‘चौकच्या पुढे शेडुंगपर्यंत रस्ता रिकामा असतो या वेळेला. जा तू पुढे थोडी. शेडुंगच्या अलीकडे थांब.’’

‘‘नको रे.’’

‘‘अगं, जा. किट माझ्याकडे आहे.’’