घरच्या घरी बनवा सूर्यचूल : सरपण वाचेल, शेण शेतात जाईल

ग्रामीण भागात स्वयंपाकासाठी आजही सरपण, तुराट्या, पऱ्हाट्या व शेणाच्या गोवऱ्या मोठ्या प्रमाणावर जाळल्या जातात. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅसची शेगडी आली. तरीही सिलिंडर पुरवून वापरावा म्हणून डाळ शिजवणे, पाणी तापवणे आणि जनावरांचे आंबोण ही वेळखाऊ कामे बहुतेक ठिकाणी चुलीवरच होतात. या धुराचा त्रास घरातील स्त्रिया व लहान मुले यांना सर्वांत जास्त होतो, हे आपण सर्व जाणतो. परंतु शेतीच्या दृष्टीने दुसरे नुकसानही तितकेच मोठे आहे, आणि त्याचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही.

वाळलेल्या शेणात साधारणपणे सव्वा ते दीड टक्का नत्र असते. गोवरी जळाली की हे नत्र धुराबरोबर निघून जाते व राखेत पालाश आणि थोडे स्फुरद एवढेच उरते. समजा, एखाद्या कुटुंबाने सूर्यचुलीच्या साहाय्याने रोज दोन किलो गोवऱ्या वाचवल्या आणि वर्षातील उन्हाचे २०० दिवस धरले, तर ४०० किलो वाळलेले शेण वाचते. त्यात ५ ते ६ किलो नत्र असते, म्हणजे सुमारे ११ ते १३ किलो युरियाइतके. एवढे नत्र युरियाच्या पोत्यातून विकत आणता येईल. पण त्याबरोबर जळून गेलेला सेंद्रिय पदार्थ कोणत्याही दुकानात मिळत नाही. आपल्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब कमी होत असताना शेण चुलीत घालणे परवडणारे नाही.

सूर्यचूल नवी नाही

सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजविण्याचा प्रयोग फार जुना आहे. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेच्या झाकणाची पेटी करून तीत पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर तापमान मिळविले होते. आपल्या मुंबईत १८७० च्या दशकात विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आठ आरशांची अष्टकोनी सूर्यचूल तयार करून सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजविले होते. अलीकडे २००९ मध्ये शिर्डी येथील साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी ७३ सौर तबकड्यांवर वाफ तयार करणारी यंत्रणा बसविण्यात आली. घरगुती वापरासाठी मात्र पेटीच्या आकाराची साधी सूर्यचूलच सर्वांत सोयीची असून ती गावातील सुतार व पत्र्याचे काम करणारा कारागीर यांच्या मदतीने बनविता येते.

सूर्यचूल कशी काम करते?

उन्हात बंद करून ठेवलेली मोटारगाडी आतून किती तापते, हा अनुभव सर्वांना आहे. सूर्यचुलीचे तत्त्व तेच आहे. सूर्यप्रकाश काचेतून आत जातो, काळ्या पत्र्यावर व काळ्या भांड्यांवर पडून त्याची उष्णता होते. ही उष्णता काचेतून सहज बाहेर जाऊ शकत नाही. पेटीच्या बाजूंना व तळाला उष्णतारोधक थर असल्याने तेथूनही ती फारशी निसटत नाही. झाकणाचा आरसा जादा प्रकाश आत फेकतो. स्वच्छ उन्हात दुपारी रिकाम्या पेटीतील तापमान १२० ते १४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अन्न ८५ ते ९० अंशांच्या पुढे शिजू लागते, त्यामुळे एवढी उष्णता पुरेशी आहे. आच मंद व चारही बाजूंनी असल्याने अन्न करपत नाही, ढवळावे लागत नाही.

लागणारे साहित्य

१) बाहेरची पेटी : लाकडी फळ्या किंवा प्लायवूड. आतील माप ६० × ६० सें.मी. व खोली २० सें.मी.
२) आतील तसराळे : ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा २४ गेजचा पत्रा, ८४ × ८४ सें.मी.
३) उष्णतारोधक थर : चांगला वाळलेला भाताचा तूस ३ ते ४ किलो.
४) काच : ५४ × ५४ सें.मी. मापाच्या दोन साध्या पारदर्शक काचा. वरची काच टफन्ड घेतल्यास उत्तम. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप देऊनच मागवावी.
५) आरसा : ५४ × ५४ सें.मी., तो बसविण्यासाठी प्लायवूडचे झाकण.
६) इतर : ५ सें.मी. रुंदीच्या लाकडी पट्ट्या, बिजागऱ्या, कडी, सायकलची जुनी ट्यूब, फळ्याला लावतात तो बिनचमक काळा रंग.

तूस न मिळाल्यास पिंजलेला कापूस किंवा काचतंतू वापरता येतो. काचतंतू हाताळताना हातमोजे घालावेत व नाकातोंडाला फडके बांधावे. थर्माकोल वापरू नये. तो उष्णतेने मऊ पडून आक्रसतो व त्याचा वास अन्नाला लागतो.

बांधणीची कृती

१) पत्र्याचे ५० × ५० सें.मी. तळाचे व १५ सें.मी. खोलीचे तसराळे करून घ्यावे. वरची २ सें.मी. कड बाहेर वळवावी. कोपऱ्यांचा पत्रा कापून न टाकता बाहेरच्या बाजूला दुमडावा, म्हणजे फट राहत नाही.

२) तसराळ्याला आतून काळा रंग द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा.

३) बाहेरच्या पेटीच्या तळाशी चार कोपऱ्यांत ५ सें.मी. उंचीचे लाकडी ठोकळे बसवावेत. तळाला तुसाचा ५ सें.मी. थर द्यावा. तूस आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवावा. कीड लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळावा.

४) ठोकळ्यांवर तसराळे ठेवून चारही बाजूंच्या ५ सें.मी. पोकळीत तूस भरावा. तो सैल राहू नये, पण फार ठासूनही भरू नये. तुसाच्या कणांमध्ये अडकलेली हवाच उष्णता रोखण्याचे काम करते.

५) पोकळीचे तोंड लाकडी पट्ट्यांनी बंद करून तसराळ्याची वळवलेली कड या पट्ट्यांवर टेकवून बसवावी. पत्रा बाहेरच्या पेटीला कोठेही टेकू देऊ नये.

६) पेटीच्या बाहेरील मापाची लाकडी चौकट करून तिच्यात दोन काचा दीड ते दोन सें.मी. अंतर ठेवून बसवाव्यात. बसविण्यापूर्वी काचांच्या आतील बाजू कोरड्या व स्वच्छ पुसाव्यात. नंतर तेथे हात पोहोचत नाही. चौकट बिजागरीने पेटीला जोडावी.

७) चौकट जेथे टेकते तेथे सायकलची ट्यूब उभी चिरून तिची पट्टी चारही बाजूंनी लावावी. गरम हवा निसटण्याची मुख्य जागा हीच असते. चौकट बंद करून कागदाचा कपटा मध्ये धरून ओढून पाहावा. तो सहज निघाला तर तेथे फट आहे असे समजावे.

८) आरसा लावलेले झाकण त्याच बाजूला बिजागरीने जोडावे. ते हव्या त्या कोनात उभे राहावे यासाठी बाजूला भोके पाडलेली पट्टी बसवावी.

पेटी तयार झाल्यावर ती दोन ते तीन दिवस रिकामीच उन्हात तापू द्यावी, म्हणजे रंगाचा वास निघून जातो. त्यानंतरच अन्न ठेवावे.

उन्हात कशी मांडावी?

सूर्यचूल सकाळी साडेनऊच्या सुमारास सावली न येणाऱ्या जागी ठेवून तापू द्यावी व दहा वाजता भांडी आत ठेवावीत. आरसा सूर्यासमोर असावा. उत्तर महाराष्ट्र असो की कोल्हापूर, थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा आरसा काचेशी जवळजवळ काटकोनात उभा ठेवावा. मार्च व ऑक्टोबरमध्ये तो १०० ते ११० अंशांपर्यंत मागे न्यावा. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा १२० अंशांचा कोन ठेवावा. कोन मोजण्याची आवश्यकता नाही. आरशाचा कवडसा पूर्णपणे काचेवर पडला की कोन बरोबर आहे असे समजावे. दर पाऊण ते एक तासाने पेटी सूर्याच्या दिशेने थोडी फिरवावी.

काय व किती वेळात शिजते?

भांडी ॲल्युमिनियमची, पातळ, बसकी व बाहेरून काळी रंगविलेली असावीत. झाकण घट्ट बसणारे हवे. चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेल्या पदार्थांसाठी स्टीलचे भांडे वापरावे. १८ ते २० सें.मी. व्यासाची चार भांडी या पेटीत बसतात.

स्वच्छ उन्हात या पेटीच्या पाव चौरस मीटर काचेवर दुपारी सुमारे २०० वॅट उष्णता पडते. आरशामुळे ती वाढते. पण त्यापैकी सुमारे ६५ वॅटच अन्नापर्यंत पोहोचते असे धरावे. दोन किलो अन्न व पाणी उकळीपर्यंत आणण्यास या हिशोबाने अडीच ते पावणेतीन तास लागतात. भार निम्मा केला तर वेळही बराच कमी होतो. म्हणून एकूण भार दोन किलोच्या आसपास ठेवावा व पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे, कारण वाफ फारशी बाहेर जात नाही. उन्हाळ्यातील अंदाजे वेळ पुढीलप्रमाणे आहे.

भात : २ ते अडीच तास
भिजवलेली मूगडाळ : २ तास
भिजवलेली तूरडाळ : अडीच ते ३ तास
मोड आलेली मटकी, चवळी : अडीच ते ३ तास
रात्रभर भिजवलेला हरभरा : साडेतीन तास
बटाटे, रताळी : २ ते अडीच तास
शेंगदाणे भाजणे, एका थरात : दीड ते २ तास

थंडीत अर्धा ते एक तास अधिक धरावा. राजमा मात्र थेट सूर्यचुलीत शिजवू नये. त्यातील विषारी घटक मंद आचेवर नष्ट होत नाही. भिजवलेला राजमा पाणी बदलून आधी शेगडीवर दहा ते पंधरा मिनिटे खळखळून उकळावा व मगच सूर्यचुलीत ठेवावा.

मर्यादा आधीच ओळखा

सूर्यचुलीवर भाकरी, पोळी भाजता येत नाही, फोडणी देता येत नाही. सकाळी आठ वाजता डबा घेऊन शेतावर किंवा शाळेत जाणाऱ्यांचा स्वयंपाक तिच्यावर होणार नाही. पावसाळ्यात ती बंदच ठेवावी लागते. अनेक घरांतील सौर कुकर माळ्यावर जाऊन पडले, त्याचे एक मोठे कारण हेच आहे की चुलीची सर्व कामे त्याने करावीत अशी अपेक्षा ठेवली गेली.

म्हणून सूर्यचूल ही चुलीच्या जागी न मानता चुलीची जोडीदार मानावी. सकाळची भाकरी-भाजी नेहमीप्रमाणे करावी आणि शेतावर जाण्यापूर्वी डाळ, भात, कडधान्ये सूर्यचुलीत लावून द्यावीत. अशा वेळी पेटी फिरविणे शक्य नसेल तर ती दुपारी बाराच्या सूर्याच्या दिशेने ठेवावी व भार दीड किलोच्या आत ठेवावा. संध्याकाळी केवळ फोडणी द्यावी लागते. घरी थांबणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनी मधून पेटी फिरविल्यास काम आणखी सोपे होते.

दुभत्या जनावरांचे आंबोण शिजविण्यासाठीही हे तत्त्व उपयोगी आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने माती, भुसा व शेण यांचा वापर करून पशुखाद्य शिजविणारी स्वस्त सूर्यचूल विकसित केली आहे. आंबोणाला वेळेची घाई नसते व दिवसभर सरपण घालत बसावे लागत नाही.

घ्यावयाची काळजी

१) आरशाच्या झोताकडे थेट पाहू नये. लहान मुलांना दूर ठेवावे.
२) भांडी काढताना जाड फडके वापरावे, झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे, कारण वाफ एकदम अंगावर येते.
३) अन्न शिजत असताना काच वारंवार उघडू नये. प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निघून जाते.
४) मध्येच आभाळ आल्यास अर्धवट शिजलेले अन्न कोमट अवस्थेत तासन् तास ठेवू नये, ते नासते. शेगडीवर शिजवून पूर्ण करावे.
५) तापलेल्या काचेवर थंड पाणी पडू देऊ नये. काच व आरसा रोज सकाळी कोरड्या कापडाने पुसावा. धुळीचा थर बसला की उष्णता कमी मिळते.
६) तूस ओला झाल्यास पट्ट्या काढून तो पुन्हा वाळवावा. पावसाळ्यापूर्वी पेटी झाकून कोरड्या जागी ठेवावी.

पहिल्या आठवड्यात फक्त भात व मूगडाळ लावून पाहावी आणि वेळेची नोंद भिंतीवरील दिनदर्शिकेवर करावी. आपल्या अंगणातील ऊन, आपली भांडी व आपला भार यांचा अंदाज आला की पुढचे पदार्थ आपोआप जमतात. वाचलेल्या गोवऱ्यांचे शेण मात्र आठवणीने खताच्या खड्ड्यात टाकावे. सूर्यचुलीचा खरा नफा तेथूनच शेतात जातो.