जीर्ण भगवा सन्मानाने कसा उतरवावा?

शिवजयंती किंवा गणेशोत्सव आला की आपल्या इंदुरात घरांवर आणि मंडपांवर भगवे झेंडे लागतात. लावण्याचा उत्साह सर्वांना असतो, उतरवण्याची आठवण मात्र राहत नाही. उन्हापावसाने विटलेला, टोके फाटलेला झेंडा महिनोन्‌महिने तसाच राहतो. ‘भगव्याला खाली कसा उतरवायचा?’ या संकोचाने कोणी हात लावत नाही. वास्तविक तो वेळेवर उतरवणे हाही त्याचा मानच आहे.

भगवा हा मुळात गेरूचा, संन्याशाच्या वस्त्राचा रंग. त्यागाची ती खूण. वारकऱ्यांच्या खांद्यावरची पताकाही याच रंगाची. मराठ्यांच्या राज्यात हाच रंग निशाणावर आला. मोहिमेवर निघणाऱ्या सरदाराकडे जरीपटका सोपवणे हा मोठा बहुमान असे. १७५८ साली राघोबादादा आणि आपले मल्हारराव होळकर यांच्या फौजा लाहोरपर्यंत पोहोचल्या. ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा वाक्प्रचार त्याच मोहिमेची आठवण आहे.

ध्वज उतरवणे अशुभ नाही. आपण पाडव्याची गुढी त्याच दिवशी, सूर्यास्ताच्या सुमारास हळदकुंकू वाहून उतरवतो. पुरीच्या जगन्नाथ मंदिरावरचा ध्वज तर रोज बदलतात. बँकेत आम्ही जीर्ण नोटा चलनातून काढत असू. कागद बाद होई, पण ग्राहकाला तेवढ्याच मूल्याची नवी नोट मिळे. ध्वजाचेही तसेच आहे. कापड जीर्ण होते, मान नव्या ध्वजाकडे जातो.

भगव्यासाठी घरी किंवा संस्थेत पुढीलप्रमाणे करता येईल :

१. कड उसवली, रंग विटला किंवा कापड फाटले की ध्वज उतरवावा. तो जमिनीवर टाकू नये. नमस्कार करून घडी घालावी आणि शक्यतो त्याच दिवशी नवा ध्वज लावावा.

२. ध्वज सुती असेल तर स्वच्छ धुऊन, वाळवून, गाजावाजा न करता अग्नीला द्यावा किंवा बागेत खड्डा करून पुरावा.

३. पॉलिस्टरचा ध्वज जाळू नये. तो वितळतो आणि विषारी धूर होतो. नदीत किंवा तलावातही सोडू नये, कारण तो तेथे कुजत नाही. शिवण उसवून कापड सुटे करावे. शिवण उसवली की तो ध्वज राहत नाही, कापड उरते. ते सुक्या कचऱ्यात वेगळे बांधून द्यावे.

४. घरातील पिढीजात निशाण मात्र नष्ट करू नये. ते गुंडाळून, सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

तिरंग्याची गोष्ट वेगळी आहे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार खराब झालेला राष्ट्रध्वज खासगीरीत्या, संपूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखणाऱ्या अन्य रीतीने नष्ट करायचा असतो. तो उसवून कापड म्हणून वापरू नये, कचऱ्यात तर मुळीच टाकू नये.

संस्थेसाठी एक सूचना. ध्वज कधी लावला आणि कधी उतरवला याची नोंद एका वहीत ठेवावी. उत्सवानंतर दोन दिवसांत रस्त्यावरील कागदी व प्लास्टिकच्या पताका उचलण्याचे काम तरुण सभासदांनी अंगावर घ्यावे. पायदळी पडलेली पताका उचलणारी मुले पाहिली, की भगव्याचा अर्थ घरातल्या लहानांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.